परवाच्या पावसाची खात्री नाही, मग अख्ख्या पावसाळ्याचा अंदाज कसा देतात?

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर, ऊन ऐन भरात असताना, हवामान खातं यंदाच्या पावसाळ्याचा पहिला अंदाज जाहीर करतं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभरात सरासरीच्या अमुक टक्के पाऊस होईल, अधिक-उणे पाच टक्के. शेअर बाजारापासून बी-बियाण्यांच्या दुकानापर्यंत सगळीकडे त्या आकड्याची चर्चा होते आणि तिच्यामागोमाग एक प्रश्न हमखास येतो. उद्या छत्री न्यावी की नाही हे ज्यांना धड सांगता येत नाही, ते सप्टेंबरपर्यंतचं कशाच्या जोरावर सांगतात?

प्रश्न रास्त आहे. खुद्द हवामानशास्त्रज्ञांनाही तो पडलेला होता, आणि पन्नासएक वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या अनेकांचं उत्तर 'इतक्या पुढचं सांगता येणार नाही' असंच होतं. हे उत्तर बदलायला लावणाऱ्यांमध्ये जगदीश शुक्ला यांचं नाव फार वरचं आहे. उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेला, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत उमेदवारी केलेला आणि पुढे अमेरिकेत नावारूपाला आलेला हा शास्त्रज्ञ. आपल्या पावसाळ्याचं इतकं मूलभूत कोडं ज्यांनी उलगडलं, त्यांचं नाव मराठी वाचकांना फारसं ठाऊक नसावं याची मला खंत वाटते. म्हणून त्यांच्या कामाच्या वाटेनेच हे कोडं सोडवू.

आधी अडचण काय आहे ती पाहू

रोजच्या हवामानाचा अंदाज काढायची पद्धत अशी. आत्ता या क्षणी जगभर तापमान किती, हवेचा दाब किती, वारा कुठून कुठे, बाष्प किती, याची मोजमापं गोळा करायची. ती संगणकाला द्यायची. हवा कशी हलते, तापते, थंड होते याची भौतिकशास्त्राची समीकरणं संगणकात आधीच भरलेली असतात. या सगळ्या समीकरणांच्या संचाला मॉडेल म्हणतात. आजच्या स्थितीवरून ते पुढच्या काही मिनिटांची स्थिती काढतं, तिच्यावरून त्याच्या पुढच्या काही मिनिटांची, असं करत करत उद्या, परवा, तेरवा.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ असंच एक अगदी छोटं मॉडेल चालवत होते. एक गणित पुन्हा तपासायचं म्हणून त्यांनी मधल्याच टप्प्यावरचा आकडा हाताने टाकला. संगणकाच्या स्मृतीत तो ०.५०६१२७ असा होता, कागदावर छापलेला होता ०.५०६. त्यांनी कागदावरचा टाकला. फरक हजारातल्या एका हिश्श्याहूनही कमी. सुरुवातीला दोन्ही गणितं हातात हात घालून चालली, मग हळूहळू अंतर पडलं, आणि पुढे तर दोघांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही.

याचा अर्थ गंभीर होता. आपली मोजमापं कधीच शंभर टक्के अचूक नसतात. समुद्रावर, वाळवंटात, उंच हवेत तर ती विरळच असतात. सुरुवातीची ही बारीकशी चूक काही दिवसांत दुप्पट होते, मग चौपट, आणि साधारण दोन आठवड्यांत अंदाज आणि प्रत्यक्ष हवामान यांची फारकत होते. यंत्रं कितीही सुधारा, ही भिंत थोडीफार मागे सरकेल, पण पडणार नाही. फुलपाखराने पंख हलवले तर दूरवर वादळ उठू शकतं का, हा प्रसिद्ध प्रश्न लॉरेन्झ यांनी १९७२ मध्ये विचारला तो याच संदर्भात.

आता सांगा, दोन आठवड्यांची भिंत समोर असताना चार महिन्यांबद्दल कोण बोलणार?

वडाखालची शाळा

शुक्ला १९४४ साली मिर्धा या गावात जन्मले. गावात वीज नव्हती, रस्ता नव्हता, प्राथमिक शाळेला इमारत नव्हती. सुरुवातीचं बरंचसं शिक्षण एका मोठ्या वडाच्या झाडाखाली झालं. पुढच्या शाळेत गणित होतं, संस्कृत होतं, विज्ञान मात्र नव्हतं. गणित आणि संस्कृत या दोन्ही विषयांत विशेष प्रावीण्य मिळवूनही या मुलाला विज्ञानाच्या वर्गात प्रवेश मिळेना, कारण विज्ञान कधी शिकलेलाच नव्हता. तेव्हा वडिलांनी सांगितलं: सुट्टीत सहावी ते दहावीची विज्ञानाची सगळी पुस्तकं वाचून काढ. त्या एका उन्हाळ्यात पाच इयत्तांचं विज्ञान वाचून त्यांनी बलियाच्या कॉलेजात प्रवेश घेतला. तिथून बनारस हिंदू विद्यापीठ, भूभौतिकीतली पदवी, मग पुण्याची संस्था आणि १९७१ मध्ये बनारसचीच डॉक्टरेट.

बलिया म्हणजे गंगेच्या पुराचा आणि पावसाने ओढ दिली की होरपळणारा मुलूख. मान्सून हा विषय त्यांनी नकाशावर पाहण्याआधी शेतात पाहिलेला होता. त्यांच्या पुढच्या कामातली चिकाटी मला यातून आलेली वाटते.

पुण्याहून ते एमआयटीत गेले आणि १९७६ मध्ये तिथे दुसरी डॉक्टरेट मिळवली, बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या मान्सूनच्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर. लॉरेन्झ त्याच संस्थेत होते. शुक्लांचे मार्गदर्शक ज्युल चार्नी हेही तितकेच मोठे. १९५० मध्ये संगणकावर जगातला पहिला हवामान अंदाज काढणाऱ्या गटाचे ते म्होरके. ज्या इमारतीत 'दोन आठवड्यांपुढे जाता येत नाही' हे सिद्ध झालं, त्याच इमारतीत 'चार महिन्यांचं काय?' हा प्रश्न विचारायला हा विद्यार्थी बसला.

बुडबुडे आणि आच

इथे एक रोजचं उदाहरण घेऊ, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवलंय. पाणी उकळतंय. पुढचा बुडबुडा नेमका कुठे आणि कधी फुटेल? कितीही बारकाईने पाहिलंत तरी दोन-तीन बुडबुड्यांपुढचं सांगता येणार नाही. पण आच मोठी केली तर येत्या पाच मिनिटांत बुडबुडे जास्त येतील, मंद केली तर कमी येतील, हे छातीठोकपणे सांगता येतं. दोन्ही अंदाज एकाच पाण्याबद्दल आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर पाण्याच्या आत्ताच्या हालचालीत दडलेलं आहे आणि ती हालचाल चंचल आहे. दुसऱ्याचं उत्तर खालच्या आचेत आहे आणि आच सावकाश बदलते.

वातावरणाचंही तसंच. परवा दुपारी तुमच्या गावावर ढग येईल का, हा बुडबुड्याचा प्रश्न. चार महिन्यांचा एकूण पाऊस नेहमीपेक्षा जास्त की कमी, हा आचेचा. आच म्हणजे वातावरणाच्या तळाशी असलेल्या गोष्टी: समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान, जमिनीतला ओलावा, डोंगरांवरचा बर्फ. शास्त्रीय भाषेत यांना सीमास्थिती म्हणतात. हवा काही दिवसांत सगळं विसरते. समुद्र महिनोन्महिने लक्षात ठेवतो. एप्रिलमध्ये प्रशांत महासागर कुठे तापलेला आहे यावरून ऑगस्टमध्ये तो कसा असेल याचा माग काढता येतो.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण सिद्ध कसं करायचं? मान्सून एका वर्षी चांगला आणि दुसऱ्या वर्षी वाईट होतो, तो आचेमुळे की निव्वळ बुडबुड्यांच्या खेळामुळे? दुसरं खरं असेल तर हंगामी अंदाजाचा सगळा उद्योगच व्यर्थ.

एकच समुद्र, वेगवेगळी सुरुवात

चार्नी आणि शुक्लांनी यासाठी जो प्रयोग केला तो मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग वाटतो. त्यांनी एकच मॉडेल पुन:पुन्हा चालवलं. समुद्राचं तापमान दर वेळी तेच, नेहमीचं. बदल केला तो फक्त सुरुवातीच्या हवेत, तोही किरकोळ. म्हणजे आच तीच ठेवली आणि पाणी जरासं ढवळलं. प्रत्येक वेळी जुलै महिन्याची सरासरी काढली आणि या सरासऱ्या एकमेकींपासून किती वेगळ्या येतात ते पाहिलं. मग तो फरक खऱ्या जगात वर्षागणिक दिसणाऱ्या फरकाशी ताडून पाहिला.

युरोप-अमेरिकेच्या पट्ट्यात दोन्ही फरक साधारण सारखे निघाले. म्हणजे तिथला एक जुलै दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो तो बव्हंशी हवेच्या स्वतःच्या खेळामुळे. समुद्र तोच ठेवूनही तितकाच फरक पडतो. मान्सूनच्या पट्ट्यात मात्र मॉडेलमधला फरक खऱ्या जगातल्या फरकापेक्षा बराच कमी आला. समुद्र गोठवून ठेवल्यावर मान्सून वर्षागणिक तितका बदलेनाच. मग प्रत्यक्षात जो बदल दिसतो तो येतो कुठून? उघड आहे, मॉडेलमध्ये त्यांनी जे बदलू दिलं नव्हतं त्यातून. समुद्र आणि जमीन यांतून.

निष्कर्ष चकित करणारा होता. जगभर लहरी म्हणून बदनाम असलेला मान्सून, निदान तत्त्वतः, लंडन-न्यूयॉर्कच्या ऋतूंपेक्षा जास्त अंदाजक्षम आहे. 'मान्सूनची अंदाजक्षमता' या विषयावरचा तो निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चार्नी वारले.

पुढे शुक्लांनी हा विचार आणखी ताणून पाहिला. १९८२-८३ चा हिवाळा प्रचंड एल निनोचा होता, १९८८-८९ चा त्याच्या नेमका उलट, ला निनाचा. (प्रशांत महासागराचा मध्य आणि पूर्व भाग नेहमीपेक्षा तापला की एल निनो, गारठला की ला निना.) मॉडेलमध्ये त्यांनी अदलाबदल केली. एका वर्षाची हवा दुसऱ्या वर्षाच्या समुद्रावर ठेवली. इथे सुरुवातीचा फरक फुलपाखराच्या पंखाएवढा नव्हता, जगातली सगळी हवाच बदललेली होती. तरीही उष्ण कटिबंधातला वारा आणि पाऊस थोड्याच काळात खालच्या समुद्राला साजेसा झाला. १९९८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी या सगळ्याची मांडणी केली आणि तिचं शीर्षकच होतं 'केऑसच्या मधोमध अंदाजक्षमता'. केऑस म्हणजे लॉरेन्झ यांना दिसलेली ती छोट्या चुकीतून मोठी होणारी फारकत. शुक्लांनी लॉरेन्झ यांना खोटं ठरवलेलं नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. भिंत आहेच. ती बुडबुड्यांसाठी आहे.

उष्ण कटिबंधातच असं का?

थंड प्रदेशात उत्तरेची हवा बर्फगार आणि दक्षिणेची उबदार असते. या दोन्हींच्या झटापटीतून वादळं आपोआप जन्मतात, त्यांना समुद्राने चिथावायची गरज नसते. विषुववृत्ताजवळ अशी तफावत फार थोडी. तिथे हवेला हलवणारी ताकद येते ती प्रामुख्याने पावसातूनच. तापलेल्या समुद्रावरून बाष्प वर जातं, त्याचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते. जिथे समुद्र सर्वांत तापलेला तिथे हवा वर जाणार, आणि वर गेलेली हवा दुसरीकडे कुठेतरी खाली उतरणार. जिथे ती उतरते तिथे ढग दबतात.

नेहमीच्या वर्षी तापलेल्या पाण्याचा मोठा साठा इंडोनेशियाच्या बाजूला असतो. एल निनोत तो पूर्वेकडे सरकतो, वर चढणारी हवाही त्याच्यामागे जाते, आणि खाली उतरणारी हवा आपल्या बाजूला येण्याची शक्यता वाढते. हजारो मैल दूरच्या पाण्याने इथल्या पेरण्या खोळंबतात त्या अशा.

समुद्रासारखीच जमीनही वातावरणावर पकड ठेवते, हेही शुक्लांनी दाखवलं. येल मिन्त्झ यांच्यासोबत १९८२ मध्ये त्यांनी मॉडेलमध्ये दोन पृथ्व्या तयार केल्या. एकीत जमीन कायम ओली, दुसरीत ठणठणीत कोरडी, जिच्यातून बाष्प निघतच नाही. कोरड्या पृथ्वीवर जुलैत युरोप आणि उत्तर अमेरिकेतला पाऊस जवळपास आटला आणि तापमान भडकलं. १९९० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत ॲमेझॉनचं जंगल मॉडेलमध्ये तोडून तिथे गवताळ कुरणं केली. पाऊस घटला, कोरडा काळ लांबला, आणि एकदा तोडलेलं जंगल पुन्हा उभं राहायला लागणारं हवामानच उरणार नाही अशी शक्यता पुढे आली. आज आपण ॲमेझॉनबद्दल ज्या काळजीने बोलतो, तिचं मूळ शोधायला गेलं तर हा निबंध लागतोच.

'पण हे तर इंग्रजांच्या काळापासून माहीत होतं!'

थोडंफार, हो. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन उजाड झाली, तेव्हा नुकत्याच स्थापन झालेल्या हवामान खात्याला पावसाचा आगाऊ अंदाज काढायचं काम लागलं. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधला: बर्फ जास्त, तर पुढचा पाऊस कमी. १८९९ मध्ये खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि दुष्काळ पडला. त्यानंतर आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी चाळून काढल्या आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरचा हवेचा दाब झोक्यासारखा वर-खाली होतो हे हेरलं. तो एल निनोचाच हवेतला अर्धा भाग होता, हे नंतर उमगलं.

पण त्यांच्याजवळ होता तो ताळा: हे घडलं की बहुधा ते घडतं. का घडतं याचं उत्तर नव्हतं. आणि नुसत्या ताळ्याची गोची अशी की काही दशकं तो बरोबर येतो आणि मग कोणालाही न सांगता बदलतो. वॉकर यांची सूत्रं अशीच शिळी झाली. आपल्या वसंतराव गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये सोळा घटकांचं मॉडेल आलं, आणि अनेक वर्षं त्याने चांगली साथ दिली. ते वॉकर यांच्या सूत्रांपेक्षा कितीतरी सुधारलेलं होतं, पण जातकुळी तीच, आकड्यांच्या नात्यांची. २००२ मध्ये त्याने १०१ टक्क्यांचा अंदाज दिला. त्या जुलैत पावसाने अशी दडी मारली की हंगाम ८१ टक्क्यांवर संपला.

शुक्लांच्या कामाने वेगळी वाट दिली: नाती शोधत बसण्यापेक्षा समुद्र, जमीन आणि हवा तिन्ही मिळून भौतिकशास्त्राच्या समीकरणांतून पुढे चालवा. त्यासाठी ताकदवान संगणक लागतात. १९८७ च्या मोठ्या दुष्काळानंतर भारताने अमेरिकेकडून क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर मिळवला आणि १९८८ मध्ये मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. ते व्हावं म्हणून शुक्ला दोन्ही देशांत झटले. (अमेरिकेने बडे सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली, त्यातून त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक जन्माला आलं आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम' तयार झाला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पुढे २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने समुद्र आणि हवा जोडलेलं अमेरिकी मॉडेल आपल्या पावसासाठी घडवायला घेतलं. ज्या संस्थेतून शुक्ला बाहेर पडले होते, तिथेच त्यांचा विचार रोजच्या वापरात आला.

'एल निनो असूनही १९९७ ला पाऊस कसा पडला?'

ही हरकत खरीच अवघड आहे. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. दुष्काळाची भीती होती, पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के. उलट २००२ चा एल निनो मध्यम होता आणि पाऊस कोलमडला.

याची काही उत्तरं आता मिळाली आहेत. एल निनोत पाणी नेमकं कुठे तापलं याला महत्त्व आहे. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ तापलं तर आपल्याला झळ कमी, महासागराच्या मध्यावर तापलं तर जास्त. पुण्यातल्या कृष्ण कुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे दाखवून दिलं. दुसरं म्हणजे आपल्या शेजारचा हिंदी महासागर. त्याचा आफ्रिकेकडचा भाग तापून इंडोनेशियाकडचा थंड झाला, की त्याचा आपल्या पावसाला अनेकदा हातभार लागतो. १९९७ मध्ये तसं झालं होतं. २०१९ मध्येही झालं; जून कोरडा गेलेला असताना हंगाम ११० टक्क्यांवर बंद झाला.

आणि पातेल्याचं उदाहरण इथे अपुरं पडतं हेही सांगायला हवं. पातेल्यात बुडबुड्यांमुळे आच बदलत नाही. मान्सून मात्र समुद्रालाही बदलतो. ढगांची सावली आणि जोराचा वारा अरबी समुद्र व बंगालचा उपसागर गार करतात, आणि त्या गारव्याचा परिणाम पुन्हा पावसावर होतो. म्हणून 'समुद्र आधी ठरवा, मग त्यावरून पाऊस काढा' हा सुरुवातीचा साधा मार्ग पुरला नाही आणि दोघांना एकत्र चालवणारी मॉडेलं लागली.

शिवाय एल निनोचा स्वतःचा अंदाजही मार्च-एप्रिलच्या आसपास सर्वांत कच्चा असतो, कारण प्रशांत महासागर त्याच सुमारास कूस बदलत असतो. खातं मेअखेर सुधारित आकडा देतं ते यासाठी. एप्रिलच्या आकड्यापेक्षा मेचा आकडा जास्त भरवशाचा मानावा.

'देशात १०८ टक्के, मग आमच्याकडे टँकर का?'

२०२५ मध्ये अंदाज होता आधी १०५, मग १०६ टक्के. पाऊस झाला १०८ टक्के. २०२४ मध्ये अंदाज १०६, पाऊस १०८. हे आकडे चांगले आहेत, पण ते देशाच्या सरासरीचे आहेत. सरासरी म्हणजे केरळ, राजस्थान, विदर्भ, मेघालय सगळं एकत्र करून चार महिन्यांचं सुमारे ८७ सेंटिमीटर.

जितका भूभाग लहान आणि काळ थोडा, तितका प्रश्न आचेकडून बुडबुड्यांकडे सरकतो. एका तालुक्यात ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पडेल का, हे एप्रिलमध्ये कोणीच सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मान्सूनच्या पोटात स्वतःचेही चढउतार असतात: काही आठवडे जोर, मग उघडीप, मग पुन्हा जोर. एखादी उघडीप लांबली की सगळं गणित फिरतं. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, देशात ३६ टक्के तूट. तरी हंगाम संपला ९४ टक्क्यांवर, ९६ च्या अंदाजापासून फार दूर नाही. सोयाबीन फुलोऱ्यात असताना ज्याच्या शेतात तीन आठवडे थेंब पडला नाही, त्याला हा अचूकपणा काय कामाचा? त्याचा राग मला पटतो.

अशा शेतकऱ्याच्या कामाचा अंदाज वेगळा असतो. दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. उघडीप येतेय का, किती लांबेल, याचा अंदाज त्यात दोन-तीन आठवडे आधी लागू शकतो. दुबार पेरणीचं संकट टाळायचं तर एप्रिलच्या मथळ्यापेक्षा हा गुरुवारचा अंदाज आणि रोजचा जिल्हावार इशारा पाहिला पाहिजे. एप्रिलचा आकडा धान्यसाठा, आयात, विमा, कर्जवाटप ठरवणाऱ्यांसाठी आहे. बातम्यांमध्ये हा फरक जवळजवळ कधीच सांगितला जात नाही, आणि शास्त्रज्ञांवरचा अविश्वास बराचसा तिथूनच वाढतो.

'मग २१०० साली काय होईल हे कसं सांगता?'

हवामानबदलाची चर्चा निघाली की हा टोमणा ठरलेला. पुढच्या आठवड्याचं नीट कळत नाही आणि म्हणे शतकाच्या अखेरीचं तापमान!

उत्तर आता तुमच्या हातात आहे. २१०० साली १५ जुलैला कुठे पाऊस पडेल, असा दावा कोणी करत नाही. तो बुडबुडा झाला. औद्योगिक काळाआधी हवेच्या दर दहा लाख कणांमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० कण होते, आता ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवतो. ही आच आपणच मोठी करत चाललो आहोत. तापमान एका अंशाने वाढलं की हवेत साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे पाऊस पडतो तेव्हा कोसळण्याची शक्यता वाढते. मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना १९५० नंतर सुमारे तिपटीने वाढल्याचं पुण्यातल्याच रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नोंदवलं.

शुक्ला स्वतःही या कामात उतरले. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालाचे ते एक प्रमुख लेखक होते. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंगला जगभरच्या मॉडेलतज्ज्ञांची परिषद भरली, तिथे त्यांनी आग्रह धरला की प्रत्येक देशाने आपापलं छोटं मॉडेल चालवत बसण्यापेक्षा मोठे संगणक एकत्रितपणे उभारावेत. कारण सरळ होतं. तेव्हाची हवामानबदलाची मॉडेलं पृथ्वीचे शंभर-शंभर किलोमीटरचे चौकोन करून हिशेब करत. एवढ्या चौकोनात सह्याद्री सपाट होतो, घाटमाथ्याचा पाऊस आणि पर्जन्यछायेतला दुष्काळी पट्टा एकाच खणात जमा होतात. मॉडेलच्या दृष्टीने महाबळेश्वर आणि माण यांत काही फरकच उरत नाही.

आता पुण्यातल्या 'अर्क' या सुपरकॉम्प्युटरवर मे २०२५ पासून रोजच्या अंदाजासाठी सहा किलोमीटरच्या चौकोनांचं भारतीय मॉडेल चालतं. घाट त्याला पुष्कळ नीट दिसतो. हंगामाच्या आणि शतकाच्या गणितात इतके बारीक चौकोन अजून परवडत नाहीत, कारण चौकोनाची बाजू निम्मी केली की हिशेबाचं काम साधारण आठपट होतं. शुक्लांच्या प्रयोगाने मान्सूनमध्ये जितकी अंदाजक्षमता असल्याचं सुचवलं, तिथवर आपली मॉडेलं अद्याप पोचलेली नाहीत, आणि मधली ही दरी भरून काढायचं काम सध्या पुण्यात, नॉयडात आणि जगातल्या अर्ध्या डझन मोठ्या केंद्रांत सुरू आहे.